शिवयोगींनी टाईप केलेला माफीनामा

आमच्या तंत्रनिकेतनात शिवयोगी म्हेत्रे चोवीस वर्षं आहेत आणि मी ग्रंथालयात एकोणीस. दुपारचा डबा आम्ही ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत एकत्र खातो. त्यांच्या डब्यात कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही, माझ्या डब्यात जे असेल ते. हे जे सांगते आहे त्यातलं काही मी स्वतः पाहिलं, बरंचसं त्यांनीच सांगितलं. सांगताना त्यांनी स्वतःला कुठं झाकलं नाही, म्हणून मीही झाकत नाही.

शिवयोगी मूळचे अक्कलकोटच्या पलीकडचे. घरात कानडी, शाळा मराठी. बारावीनंतर सोलापुरात आले आणि नवी पेठेतल्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये बसायला लागले. मराठी टंकलेखनाची मिनिटाला चाळीस शब्दांची परीक्षा त्यांनी पहिल्या झटक्यात काढली. पुढं तिथंच शिकवलं. त्यांची बोटं चालायला लागली की शेजारची माणसं बोलायची थांबायची, असं मी जुन्या क्लार्ककडून ऐकलंय. आमच्याकडे ते टायपिस्ट म्हणून लागले. मग टाईपरायटर भंगारात गेले आणि त्यांना कॉम्प्युटर लॅबमध्ये सहायक केलं. म्हणजे सकाळी मशिनी चालू करायच्या, धूळ पुसायची, हजेरी घ्यायची, प्रॅक्टिकलला सरांच्या हाताखाली उभं राहायचं. विद्यार्थी त्यांना सर म्हणायचे. शिक्षक नुसतं शिवयोगी म्हणायचे. हा फरक त्यांनी कधी बोलून दाखवला नाही, पण विद्यार्थ्यांसमोर एखाद्या नवख्या शिक्षकानं "ए शिवयोगी" म्हटलं की त्यांचे कान लाल व्हायचे.

अभ्यासक्रमात विंडोजच्या जागी चालणारं लिनक्स आलं तेव्हा ते पन्नाशीला टेकले होते. त्यांनी दोनशे पानी वही केली. डावीकडे कमांड, उजवीकडे ती दिल्यावर काय होतं ते. अक्षर मोत्यासारखं. पण का होतं, ते वहीत कुठंच नव्हतं. लॅबच्या कोपऱ्यात सगळ्यांसाठी एक सर्व्हर, त्यावर लिनक्स. विद्यार्थ्यांच्या बावीस जुन्या मशिनींवर विंडोज. त्या मशिनींवरून एका लहानशा प्रोग्रॅमची काळी खिडकी उघडायची आणि सर्व्हरला जोडून घ्यायचं. शिवयोगींच्या टेबलावरचं मशीन तेवढं नवं होतं, त्यावर लिनक्सच होतं.

आफरीन शेख तिसऱ्या वर्षाला होती. सोलापूरजवळच्या होटगीहून यायची. वडील इमामसाब स्वतःचा छोटा टेम्पो चालवायचे. दहावीपर्यंत तिचं उर्दू माध्यम. मराठी बोलायची झकास, लिहायला मात्र अडखळायची. तिला कमांड पाठ करण्यात रस नव्हता. "सर, हे असं का होतं?" एवढंच विचारायची.

"परीक्षेत एवढंच विचारतात बघ," शिवयोगी वही मिटत म्हणायचे.

एकदा सर्व्हर कुणालाच आत घेईना, तेव्हा शिवयोगी तासभर वही चाळत बसले होते. आफरीननं नुसतं वाकून पाहिलं आणि म्हणाली, "सर, डिस्क भरलीय." तसंच होतं. त्या दिवशी डबा खाताना ते मला म्हणाले, "पोरगी लई हुशार हाय हो," आणि हातातला भाकरीचा तुकडा परत डब्यात ठेवला. मला वाटलं कौतुक करतायत. कौतुक होतंच, पण नुसतं कौतुक नव्हतं.

गेल्या वर्षीच्या प्रॅक्टिकल परीक्षेची गोष्ट. परीक्षा गुरुवारी होती. बुधवारी सकाळी सरावाला मुलं बसली होती. काळ्या खिडकीत प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला विद्यार्थ्याचा नंबर, मशीनचं नाव आणि डॉलरचं चिन्ह येतं. त्याच्या पुढं आपण कमांड लिहायची. त्या सुरुवातीच्या मजकुराला प्रॉम्प्ट म्हणतात. आफरीननं आपला प्रॉम्प्ट हिरवा करून घेतला होता. शिवयोगींनी पाहिलं आणि सगळ्यांसमोर आवाज चढवला.

"कॉलेजच्या मशिनीशी खेळ करायचा न्हाय! कुणी सांगितलं तुला?"

"सर, माझ्याच अकाउंटपुरतं आहे. दुसऱ्या कुणाला दिसत नाही."

"तरी बी. पयल्यासारखं कर."

तिनं केलं.

मुलं गेल्यावर लॅब रिकामी झाली. शिवयोगींच्या मनात ते हिरवं अक्षर राहिलं होतं. आपल्याला हे येत नाही आणि तिला येतं, एवढंच. त्यांनी आपल्या टेबलावरून सर्व्हर उघडला, मोबाईलवर एक व्हिडिओ लावला आणि त्यातल्या माणसाबरोबर एकेक पायरी करत गेले. व्हिडिओत दोन फायली दाखवल्या होत्या, एक आपल्यापुरती आणि एक सगळ्यांसाठी. शिवयोगींनी सगळ्यांचीच उघडली. मशीननं सर्व्हरचा मुख्य पासवर्ड मागितला तेव्हाही त्यांना शंका आली नाही. व्हिडिओतल्या माणसानं इंग्रजी नाव घातलं होतं. यांची बोटं मराठीवर बसलेली, यांनी मराठीत घातलं: शिवयोगी.

खिडकी बंद करून पुन्हा उघडली, तर नाव आलं. डॉलरच्या आधी, स्वच्छ देवनागरीत.

"मी नुसतंच एंटर दाबत बसलो की हो," त्यांनी मला नंतर सांगितलं. "दर ओळीला माझं नाव. खालपर्यंत. वर सरकलं की परत खाली." हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते, टेबलावरचा भाकरीचा चुरा बोटानं गोळा करत होते. हे फक्त आपल्यालाच दिसणार, अशी त्यांची समजूत होती.

गुरुवारी बाहेरून परीक्षक आले. विभागप्रमुख राजेश्वरी बिराजदार मॅडम स्वतः हजर होत्या. बावीस मुलांनी खिडक्या उघडल्या, नंबर टाकले, आणि लॅबभर कुजबूज सुरू झाली. प्रत्येकाच्या स्क्रीनवर ओळीच्या सुरुवातीला अगम्य चिन्हांची माळ आली होती: à¤¶à¤¿à¤µ, आणि पुढं आणखी तसंच. डोक्यावर काडी असलेला a, चार पायांचं वर्तुळ, उलटं प्रश्नचिन्ह. नुसतं वाईट दिसत होतं असं नाही. कमांड चुकली म्हणून मागं खोडायला जावं तर अक्षरं भलत्याच जागी पुसायची, काय लिहिलंय आणि काय उरलंय ते कळायचं नाही. एक मुलगी तर रडकुंडीला आली.

परीक्षकांनी चष्मा वर करून विचारलं, "हा काय प्रकार आहे?"

बिराजदार मॅडमनी शिवयोगींकडे पाहिलं. "काय झालंय? कुणी हात लावला होता का?"

शिवयोगी आपल्या टेबलापासून दूर, मुलांमध्ये उभे होते. स्वतःची खिडकी त्यांनी उघडलीच नव्हती. त्यांना खरंच काही कळत नव्हतं. आणि न कळणं सगळ्यांसमोर उघडं पडत होतं.

"काल ही आफरीन प्रॉम्प्ट बदलत होती मॅडम," ते म्हणाले. "मी रागावलो होतो तिला."

"सर, मी माझाच..." आफरीन उठून म्हणाली.

"पण सगळ्यांचं बदलायला मुख्य पासवर्ड लागतो," मॅडम म्हणाल्या. "तो तिच्याकडे कुठून आला?"

इथं ते थांबू शकले असते. पासवर्ड फक्त आपल्याकडे आणि मॅडमकडे आहे, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी जे उत्तर दिलं, ते त्यांना अजून झोंबतं.

"मी टाकताना मागून बघितला असंल."

आफरीनला बाहेर काढलं. दप्तर घेऊन ती व्हरांड्यातल्या बाकावर बसली. परीक्षक चहाला गेले. मॅडमनी शिवयोगींना सांगितलं, तिलाच विचारा काय केलं आणि अर्ध्या तासात नीट करा.

ते बाहेर गेले तेव्हा ती रडत नव्हती. वहीच्या मागच्या पानावर तिनं ती चिन्हं जशीच्या तशी उतरवून घेतली होती.

"काय केलंस ते सांग. मी मॅडमला समजावतो," शिवयोगी म्हणाले.

"सर, हे मी नाही केलं. हे बघा." तिनं वही पुढं केली. "ही मोडलेली मराठी आहे. आपल्या विंडोजवरचा तो प्रोग्रॅम जुना आहे, त्याला वाटतं सगळं इंग्रजीच येणार. मराठीचं एक अक्षर तीन तुकड्यांत येतं, तो प्रत्येक तुकड्याचं वेगळं चिन्ह दाखवतो. तुमच्या टेबलावरच्या मशीनला मराठी कळते, तिथं नीट दिसेल."

"मराठीच कशावरून?"

"आमची उर्दू मोडली की तिरकी रेघ मारलेला गोल ओ येतो. चाचांच्या मोबाईलवर लई वेळा बघितलंय. हा काडीवाला a मराठीचा. मला तर मराठी टाईपच करता येत नाही, सर."

शिवयोगींनी वही हातात घेतली.

"तो a सात वेळा आलाय," ती म्हणाली. "म्हणजे सात चिन्हं. काना, वेलांटी, मात्रा धरून सात. मराठीत सात चिन्हांचं काय असेल, सर?"

आयुष्यभर मराठी टाईप केलेल्या माणसाला तिनं हे विचारलं होतं. त्यांची बोटं आपोआप मांडीवर हलली. श. वेलांटी. व. य. काना-मात्रा. ग. दुसरी वेलांटी.

सात.

"माझंच नाव निघालं की हो," ते मला म्हणाले. "ती वर बघत होती माझ्याकडं. मी म्हटलं, बघतो. आन् आत गेलो."

आत जाऊन त्यांनी आपल्या टेबलावरची खिडकी उघडली. नाव नीट, ठळक. ती सामायिक फाईल उघडली, खालची एक ओळ खोडली, जतन केली. मुलांना खिडक्या बंद करून पुन्हा उघडायला सांगितल्या. बावीसच्या बावीस साफ. सगळं मिळून पाच मिनिटं लागली नाहीत.

मॅडम आल्या. "निघालं? काय होतं?"

"होती एक ओळ. काढली."

"तिनंच घातली होती ना?"

शिवयोगींनी मान हलवली. शब्द काढला नाही, पण मान हलवली, आणि मॅडमना तेवढं पुरलं.

प्राचार्यांकडे गोष्ट गेली. त्यांना प्रकरण वाढवायचं नव्हतं. मुलीनं लेखी माफी द्यावी, पालकांना बोलावावं, मग दुपारच्या तुकडीत परीक्षेला बसू द्यावं, असं ठरलं. माफीनामा मराठीत हवा होता. आफरीनला मराठीत लिहिताना चुका व्हायच्या. प्राचार्य म्हणाले, "शिवयोगी, तुम्हीच टाईप करून द्या."

त्यांनी टाईप केला. 'मी खाली सही करणारी विद्यार्थिनी असे लिहून देते की...' पासून 'पुन्हा असे कृत्य माझ्या हातून होणार नाही' इथपर्यंत. एकही अक्षर चुकलं नाही. तो कागद पुढं माझ्या पाहण्यात आला, म्हणून सांगते. समास अगदी सरळ.

तोवर इमामसाब टेम्पो फाटकाबाहेर लावून आले होते. अंगात मळका शर्ट, डोक्यावर टोपी. आफरीननं कागद वाचला. सावकाश वाचला. मग शिवयोगींकडे पाहिलं. शिवयोगींनी पेन पुढं केलं. तिनं उर्दूत सही केली.

इमामसाबनी दोन्ही हात जोडले. प्राचार्यांपुढं नाही, शिवयोगींपुढं. "सर, लेकराची चूक झाली. तुमी तिला शिकवलं, आन् तिनं असं केलं. मीच माफी मागतो. मनात ठेवू नका."

"असू द्या, असू द्या," शिवयोगी म्हणाले.

त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. बरं वाटत नाही म्हणाले. मी काही विचारलं नाही. मुलीनं काहीतरी गडबड केली, एवढं कॉलेजभर झालं होतं आणि मीही ते खरं धरून चालले होते.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. सोमवारी मागच्या खोलीत त्यांनी मला सगळं सांगितलं. ऐकून मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "झालं ते झालं. तिची परीक्षा बुडाली नाही ना? आता उकरून काढलंत तर तुमच्या नोकरीवर येईल. दोन वर्षं राहिलीत." मी हे भल्यासाठी बोलले. आज ते आठवलं की माझीच मला लाज वाटते, कारण त्या पोरीचा विचार माझ्या मनात आलाच नव्हता.

ते म्हणाले, "तुमी बी तसंच म्हणता व्हय?" आणि डबा तसाच ठेवून उठले.

मंगळवारी सकाळी ते प्राचार्यांकडे गेले आणि उभ्यानं सगळं सांगितलं. प्राचार्य आधी हसले, मग चिडले. बिराजदार मॅडमना बोलावलं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "मान का हलवलीत तुम्ही? मला चूक चालली असती, शिवयोगी." तो माफीनामा आफरीनच्या फाईलमधून काढला. शिवयोगींना मेमो मिळाला, लॅबचा पासवर्ड काढून घेतला आणि त्यांची बदली माझ्याकडे, ग्रंथालयात झाली. आता हे इथंच मिटवा, असं प्राचार्य म्हणाले.

शिवयोगींनी ते ऐकलं नाही. तिसऱ्या वर्षाच्या वर्गात, तास सुरू व्हायच्या आधी, ते फळ्यापाशी उभे राहिले आणि म्हणाले, "परीक्षेच्या दिवशी जे झालं ते आफरीननं केलं नव्हतं. ते मी केलं होतं. मला कळल्यावर बी मी बोललो न्हाय." मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. आफरीन त्या दिवशी आली नव्हती.

म्हणून रविवारी ते होटगीला गेले. बसमधून उतरून विचारत विचारत घर काढलं. इमामसाब दारात टेम्पो धूत होते. ओल्या हातानंच त्यांनी खुर्ची बाहेर आणली. आफरीन चहा घेऊन आली आणि चौकटीला टेकून उभी राहिली. शिवयोगींनी खुर्चीत न बसता सांगायला सुरुवात केली आणि शेवटपर्यंत सांगितलं.

त्यांची अपेक्षा होती की इमामसाब रागावतील, नाहीतर जाऊ द्या म्हणतील. इमामसाबनी दोन्ही केलं नाही. ते हातातल्या फडक्याकडे बघत राहिले.

"त्या दिवशी घरी येताना मी हिला लई बोललो," ते म्हणाले. "ही सांगत होती, अब्बा मी नाही केलं. मी म्हटलं, सर झूट बोलतील काय? चार दिवस मी हिच्याशी बोललो नाही." मग ते मुलीकडे वळून दखनी उर्दूत हळू काहीतरी म्हणाले. ती "नक्को अब्बा, जाने दो," असं म्हणाली आणि आत गेली.

शिवयोगींना वाटलं आता निघावं. पण तीच पुन्हा बाहेर आली.

"मला तेव्हाच कळलं होतं, सर. बाकावर. तुमची बोटं हलली ना, तेव्हा."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही आत गेलात. मला वाटलं, सांगायलाच गेलात." ती परत चौकटीला टेकली. "मग कागद आला, तरी वाटलं, आता सांगतील. पेन देईपर्यंत वाटत होतं."

"चहा थंड झालता," शिवयोगी मला म्हणाले. "तसाच पिलो."

आफरीन चांगल्या गुणांनी पास झाली आणि पुण्यात एका कंपनीत लागली. जाण्याआधी पुस्तकं परत करायला ग्रंथालयात आली होती. तिनं पुस्तकं शिवयोगींच्याच टेबलावर ठेवली, त्यांनी पावती दिली. "नीट राहा," ते म्हणाले. "हो," ती म्हणाली. याहून जास्त काही झालं नाही, आणि का व्हावं?

शिवयोगी आता पुस्तकांच्या जुन्या नोंदी कॉम्प्युटरवर घालतात. काम उत्तम करतात. पण एखादी नोंद चुकीची निघाली की मी विचारायच्या आधीच उठून उभे राहतात आणि म्हणतात, "ते मी केलंय." कधी कधी ती चूक माझीच असते. मी सांगितलं तरी त्यांना पटकन खरं वाटत नाही.

गेल्या उन्हाळ्यात ते होटगी रोडला रिक्षाची वाट बघत उभे असताना एक टेम्पो पुढं जाऊन थांबला आणि मागं आला. इमामसाब होते. "बसा," म्हणाले. शिवयोगी नको नको म्हणत बसले. सोलापुरातल्या सात रस्ता चौकापर्यंत दोघं उन्हाबद्दल बोलले, पाणी यंदा किती दिवसांनी येतंय त्याबद्दल बोलले. उतरताना शिवयोगींनी विचारलं, "पोरगी बरी हाय?"

"बरी हाय," इमामसाब म्हणाले आणि गाडी पुढं काढली.